पत्रावळीवरचे हात

निवृत्त झालो तेव्हा बायको म्हणाली, आता तरी गप घरात बसा. मला घरात बसवत नाही. सगळं आयुष्य जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांवर ओरडण्यात गेलं, ओरडायला कुणीतरी लागतंच. म्हणून महिन्यातून दोनदा जेलात जाऊन कैद्यांना लिहा-वाचायला शिकवू लागलो. मग सुटून येणाऱ्यांची कामंही अंगावर आली. कुणाचं रेशनकार्डात नाव घाल, कुणाला जालन्यात सळईच्या कारखान्यात चिकटव. त्यातले काही टिकले. ज्याच्याबद्दल लिहितोय तो टिकला नाही, आणि ते माझ्यामुळे.

तो माझाच जुना विद्यार्थी. हसनाबादच्या अलीकडे आमचं गाव, तिथलाच. दरोड्यात सात वर्षं काढून आला होता. त्यानं आणि आणखी चौघांनी मिळून आमच्याच शिवारातल्या एका वस्तीवर म्हातारा-म्हातारीला मारहाण केली होती. म्हातारा पुन्हा धड चालला नाही. गाव हे विसरलं नव्हतं. विसरू नयेच, असं माझंही मत आहे.

सुटल्यावर प्रश्न आला की राहायचं कुठे. माय थोरल्या भावाकडे. मी त्याला घेऊन गेलो, तर भावानं उंबऱ्यातच अडवलं.

"गावानं घेतलं तर मी घेतो, गुरुजी. गाव न्हाई म्हणलं, मंग माझ्या पोरींची लग्नं कशी व्हायची?"

भाऊ वाईट नव्हता, भित्रा होता. मला भित्र्यांचाच जास्त राग येतो. माय आत चुलीपाशी बसून ऐकत होती, बाहेर आली नाही. तो मात्र परत निघेपर्यंत भावाच्या खांद्यावरून आतच बघत होता.

मग त्याला माझ्या मळ्यातल्या खोलीत ठेवलं. मोसंबीत दिवसभर खुरपत राहायचा. मधूनच मोबाइल वाजायचा, आणि तो नंबर बघून मोबाइल बांधावर उपडा ठेवायचा.

"जुन्या जोडीदारांचा फोन येऊन राह्यला, गुरुजी. म्हणतेत, गाव तुला ठेवणार हाय का? जल्दी ये इकडं."

"उचलूच नको."

"न्हाई उचलत. पण कधीपर्यंत, ते सांगा."

याचं उत्तर मला गावच्या सप्ताहात सापडलं. म्हणजे तसं मला वाटलं. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं की सगळं गाव वरण-बट्टीच्या पंगतीला बसतं. जेलात तो सात वर्षं स्वयंपाकघरात होता, शेकडो माणसांचं वरण त्याच्या हातचं. आचाऱ्याला माणूस कमी पडत होता, म्हणून त्याला मी देवळामागच्या भट्टीवर नेऊन उभा केला. पहिल्या पंगतीत लोक दोन-दोनदा वरण मागून घेत होते. एका म्हाताऱ्या भजनकऱ्यानं तर द्रोण तोंडाला लावला.

तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मला हाव सुटली. आमच्याकडे रीत अशी की जो पंगतीत वाढतो तो गावाचा. भाऊबंदकी मिटली की त्या माणसाच्या हातात बादली देतात, पंगत त्याच्याकडून वाढून घेते, आणि विषय संपतो. कुणी ठराव करत नाही, भाषण करत नाही. मी त्याला म्हणालो, दुसऱ्या पंगतीला वरण तू वाढ.

"नको गुरुजी. मी मागंच बरा हाय."

"आज नाही तर कधीच नाही. भाऊ इथंच आहे, डोळ्यांनी बघेल."

"माय बसणार हाय का या पंगतीला?"

"बसली आहे. बायकांच्या ओळीत."

तेव्हा तो उठला. कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, आणि पुन्हा धुतले.

पुरुषांच्या ओळीत पहिलाच बसला होता त्या मार खाल्लेल्या म्हाताऱ्याचा मुलगा. त्यानं वर पाहिलं आणि आपला पंजा पत्रावळीवर आडवा धरला. "नको. झालं." पत्रावळीत कोरडी बट्टी चुरलेली होती, वरणाचा थेंब नव्हता. शेजाऱ्यानं त्याच्याकडे बघून हात आडवा धरला, मग त्याच्या शेजाऱ्यानं. कुणी शिवी दिली नाही, कुणी उठलं नाही. पोट भरलेला माणूस करतो तेच सगळे करत होते, आणि सगळे उपाशी होते. तो प्रत्येकापुढे वाकत होता, थांबत होता, पुढे सरकत होता. वाढायचं वगराळं भरलेलं तसंच.

मला ते बघवेना. पुरुषांची ओळ संपून बायकांची सुरू व्हायची होती, तेवढ्यात मी पुढे झालो आणि त्याच्या हातातून बादली घेतली. "दे इकडे, जा तू मागे." त्यानं सोडली नाही पटकन, मला ओढावी लागली. मग मी वाढायला लागलो आणि सगळ्या पत्रावळींवरचे हात निघाले. वरण त्याचंच होतं. खाली मान घालून मी दोन्ही ओळी वाढल्या, कुणाच्या तोंडाकडे पाहायची हिंमत नव्हती.

ज्यांचं नुकसान झालं त्या वस्तीवर आधी जायला हवं होतं, त्या म्हाताऱ्याच्या खाटेपाशी बसायला हवं होतं. इतक्या वर्षांच्या मास्तरकीत एवढी साधी गोष्ट सुचली नाही. मला परीक्षा आधी घ्यायची होती.

दोन दिवसांनी मळ्यातली खोली रिकामी होती. सतरंजी घडी घालून ठेवलेली, खुरपं धुऊन खिळ्याला टांगलेलं. पुढच्या पावसाळ्याआधी तो पुन्हा दरोड्यातच पकडला गेला. या वेळी एका बाईचा हात मोडला होता.

भेटायला गेलो ते चिडूनच. जाळीपलीकडे तो दिसला आणि मी सुरू झालो. एका पंगतीपायी एवढं? त्या बाईनं तुझं काय वाकडं केलं होतं? तो ऐकून घेत राहिला, वर्गात घ्यायचा तसा. मी दमलो तेव्हा त्यानं विचारलं, "बादली काऊन घेतली, गुरुजी?"

"तुझी फजिती बघवली नाही म्हणून."

"माझी फजिती मला चालून राह्यली होती. मला ओळीच्या शेवटापर्यंत जायचं होतं." तो जाळीला अगदी चिकटला. "माय शेवटून दुसरी बसल्ती. बट्टी चुरून तिनं मधी आळं केल्तं अन् माझ्याकडं बघून राह्यली होती. तिनं हात आडवा धरला नव्हता."

मुलाखतीची वेळ संपली. घरी येईपर्यंत मी आठवत होतो. शेवटून दुसऱ्या पत्रावळीतल्या त्या आळ्यात वरण मीच ओतलं होतं.