शब्दवहीत नाव बाळूचं

आमच्या शब्दवहीत शब्द मधोमध आहेत आणि किस्से समासात. शब्द लिहायला घेतला की कुणीतरी काहीतरी बोलायचं आणि मी ते बाजूला पेन्सिलीनं टिपून ठेवायचो. दोन वर्षांत समास भरून गेले, शब्दांची वही मात्र अजून अर्धीच! बरं, त्यातला एकही किस्सा धाडसाचा नाही. सगळे घाबरल्याचे. निम्मे तर माझेच, कारण मी जन्माचा भित्रा. भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझ्यापाठी इंग्रजी लागलं. पण या सगळ्यात एकच भीती खरी होती, ती शोभाताईंच्या छातीतल्या गाठीची. बाकीचे किस्से मी हसून सांगतो, तेवढा एक तसा सांगता येत नाही.

वडवणीत बी-बियाण्यांच्या दुकानावर एक खोली आहे. तिथं संध्याकाळी सहा ते साडेसात आम्ही चौघं बसायचो. बाळू एसटीत कंडक्टर. शोभाताई अंगणवाडी सेविका. रुबीना बँकेच्या परीक्षेची तयारी करणारी पोरगी. आणि मी दत्ता, कचेरीतला कारकून. प्रत्येकाची परीक्षा वेगळी, पण इंग्रजीच्या पेपरात राक्षस एकच: उतारा द्यायचा, त्यातल्या अवघड शब्दाखाली रेघ मारायची आणि विचारायचं, सांगा अर्थ! शिकवायला रिटायर झालेले सोनवणे सर.

सरांचा नियम कडक. डिक्शनरी बंद. मोबाईल दारातच स्टीलच्या डब्यात.

"सोयरीक जुळवताना पोराची चौकशी पोराकडं करता का? शेजाऱ्यापाजाऱ्याकडं करता ना? शब्दाचीबी तशीच करायची. शेजार बघा!"

रोज एकानं कुठूनतरी एक इंग्रजी वाक्य आणून फळ्यावर लिहायचं. बाकीच्यांनी शेजारचे शब्द बघून अर्थ काढायचा. जो बरोबर ओळखेल, त्याचं नाव वहीत शब्दापुढं. अक्षर बरं म्हणून वही माझ्याकडं.

*

पहिल्याच दिवशी सरांनी लिहिलं, 'द गोट वॉज रिलक्टंट टु एंटर द रिव्हर.' आणि त्यांची नजर एकेकाच्या तोंडावरून फिरायला लागली. माझ्यापर्यंत यायच्या आत मी बुटाची लेस बांधायला खाली वाकलो. पायात चपला आहेत हे मला खाली गेल्यावर कळलं!

"शेळीला तहान लागली हुती!" बाळूनं ठोकून दिलं.

"शेळी कवा आपणहून पाण्यात शिरती का?" सर म्हणाले.

तेवढ्यात शोभाताई अगदी हळू, ओठातल्या ओठात म्हणाल्या, "जायाला कचरत असंल."

ते ऐकू आलं ते फक्त दोघांना. त्यांच्या डाव्या हाताला बसलेल्या मला आणि उजव्या हाताला बसलेल्या बाळूला. आता बाळूचा गळा म्हणजे भरल्या गाडीत 'पुढं सरका' म्हणून कमावलेला.

"जायाला कचरत हुती, सर!"

"शाब्बास! दत्ता, लिही. रिलक्टंट, बाळू."

उत्तर कुणाचं होतं ते मला माहीत होतं. पण तसं म्हणायचं तर सरांनी माझ्याकडं बघितलं असतं. मी मुकाट्यानं बाळूचं नाव लिहिलं. मग ती रीतच पडली. शोभाताईंनी पुटपुटायचं, बाळूनं ओरडायचं आणि मी लिहायचं. पाच-सहा पानं नुसती बाळूच्या नावानं भरली!

एकदा जिना उतरताना मी विचारलंच, "ताई, तुमी जोरात का बोलत न्हाई?"

"अन् चुकलं तर?"

"बाळूच्या तोंडून चुकलं तर?"

"त्याला सवय हाय," शोभाताई म्हणाल्या.

*

माझी पाळी होती तेव्हा मी कपाशीवर फवारायच्या औषधाच्या बाटलीवरचं वाक्य उतरवून आणलं. 'लीथल इफ इन्हेल्ड.' बाटली आमच्याच घरची, वाक्य लहान, म्हटलं बरं झालं.

"लई गुणकारी," बाळू म्हणाला. "कंपनी बाटलीवर दुसरं काय लिवणार?"

रुबीना हुशार. ती म्हणाली, "शेजार बघा ना. बाजूला लाल चौकोन असतो, त्यात कवटी असते. श्वासातनं गेलं तर जीव घेणारं."

"शाब्बास! प्राणघातक," सर म्हणाले.

मी वहीत लिहायला घेतलं आणि पेन तिथंच थांबलं. त्याच दिवशी सकाळी मी दोन एकर फवारलं होतं, तोंडाला रुमाल न बांधता! हातापायांना घाम फुटला. छातीत काहीतरी हलल्यासारखं वाटलं. मी सरांचा हात धरला आणि म्हणालो, "सर, माझा जीव घुसमटतोय. घरी कळवा."

सरांनी घड्याळात बघितलं. "किती वाजता फवारलंस?"

"आठला."

"आता वाजले साडेसहा. मरायचं असतं तर एव्हाना आटपला असतास. पट्टा सैल कर आणि शब्द पुरा लिही."

वहीत आजही 'लीथल' पुढं रुबीनाचं नाव आहे, आणि त्याच्यावर माझ्या घामाचा डाग.

*

सर आम्हाला म्हणायचे, शब्दाला भ्यायचं नाही. पण तेही आमच्यातलेच होते!

एकदा वर्ग चालू असताना त्यांच्या खिशात मोबाईल वाजला. स्वतःचा मोबाईल ते डब्यात टाकत नसत. उचलला तर पलीकडून एक बाई फाडफाड इंग्रजी बोलायला लागली. कुठल्यातरी कार्डाची जाहिरात असावी. तीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस, पण फळ्यावर शिकवायचं वेगळं आणि बोलणाऱ्या बाईला उत्तर द्यायचं वेगळं. सर पार गांगरले. ते दोनदा "येस, येस" म्हणाले. बाईला वाटलं, गिऱ्हाईक तयार आहे! ती आणखी जोरात सुटली. सरांनी निखारा टाकावा तसा तो मोबाईल बाळूच्या हातात टाकला.

बाळूनं क्षणभर ऐकलं आणि आपल्या गाडीतल्या आवाजात सांगून टाकलं, "मॅडम, नो सीट! नेक्स्ट बस!"

बाईनं फोन ठेवला. सर खाली बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "व्याकरण चुकलं, पण अर्थ पोचला."

*

आता शोभाताईंचं सांगतो.

त्या दोन दिवस आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या त्या मुद्दाम लवकर. आमच्याकडं 'गाठ' हा शब्द बायका मोठ्यानं उच्चारत नाहीत. त्यांनी रुबीनाला जिन्यात सांगितलं, रुबीनाला ते एकटीला पेलेना म्हणून तिनं आम्हाला सांगितलं. छातीत गाठ लागली होती. बीडच्या डॉक्टरांनी सुई घालून तुकडा काढून तपासायला पाठवला होता. रिपोर्टला आठ-दहा दिवस लागणार होते. नवरा टेम्पोवर बाहेरगावी. त्याला सांगितलं नव्हतं, पोरगी नववीत, तिलाही नाही.

"शिबिराला गेलते असं सांगितलंय घरी," आम्हाला कळलंय हे बघून त्या म्हणाल्या. "तुमीबी तसंच सांगा."

त्या आठवड्यात वर्गात हसू आलं नाही. सर मुद्दाम सोपी, गोड वाक्यं आणायचे. फुलांची, सणाची. पण शब्दांवर कुणाचा ताबा असतो? एक दिवस रुबीनानं बिचारीनं परीक्षेच्या पुस्तकातलं वाक्य उतरवलं: 'आफ्टर थ्री ड्राय इयर्स, द सेल ऑफ द बुलक्स वॉज इनएव्हिटेबल.' तीन कोरडी वर्षं, मग बैल विकणं... लिहून झाल्यावर तिच्या लक्षात आलं आणि ती डस्टर शोधायला लागली.

शोभाताई नेहमीसारख्याच हळू म्हणाल्या, "टळायचं न्हाई असं."

मी बाळूकडं बघितलं. त्यानं तोंड उघडलं होतं. त्यानं ते तसंच मिटलं आणि खिडकीबाहेर बघत बसला. सरांनी ऐकलं की नाही, मला ठाऊक नाही. त्यांनीही विचारलं नाही. वहीत त्या शब्दापुढं अजून कुणाचंच नाव नाही.

*

आणि ही गोष्ट त्यानंतर पाच दिवसांची.

सर त्या दिवशी डोळे दाखवायला बीडला गेले होते. निरोप होता, सहाच्या गाडीनं येतो, तोवर तुम्ही सुरू करा. आम्ही तिघं बसलो होतो. शोभाताई आल्या, मोबाईल डब्यात टाकला आणि झाकण दाबून लावलं. हातात एक चिठ्ठी होती.

"आजचं वाक्य माझं हाय."

पाळी बाळूची होती, पण कुणी काही बोललं नाही. त्यांनी चिठ्ठीत बघून एकेक अक्षर फळ्यावर काढलं. खडू दोनदा मोडला.

'द ग्रोथ इज बिनाइन. नो फर्दर ट्रीटमेंट इज अॅडव्हाइज्ड. रिव्ह्यू आफ्टर सिक्स मन्थ्स.'

आणि 'बिनाइन' खाली रेघ मारली, पेपरात असते तशी.

रिपोर्ट मोबाईलवर आला होता. डॉक्टर चार दिवस बाहेरगावी, दवाखान्यात फोन कुणी उचलेना. माझा हात आपोआप डब्याकडं गेला.

"काढू नका, भाऊ," त्या म्हणाल्या. "गाठीचं म्या एकदा त्यात बघितलंय. तवापासून झोप न्हाई. मोबाईलनं सांगितलेलं सोसायचं न्हाई मला. तुमी सांगा. शेजार बघून सांगा."

खरं सांगतो, मलाही डबा उघडायची हिंमत नव्हती. मी हात मागं घेतला आणि शेजार बघायला लागलो. 'ग्रोथ' म्हणजे ती गाठच असणार. 'नो फर्दर ट्रीटमेंट.' पुढं उपचार नाही. माझ्या चुलत्याला मोठ्या दवाखान्यात नेलं होतं, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं. आता औषधाची गरज नाही, घरी न्या. आम्ही जीपमध्ये गादी टाकून आणलं आणि चौथ्या दिवशी चुलते गेले. आमच्या भागात ज्याला त्याला हे माहीत आहे. औषध बंद करून घरी पाठवलं, की सोयऱ्याधायऱ्यांना निरोप धाडायचे! रुबीनाकडं बघितलं तर तिच्याही डोळ्यांत तेच. तिनं ओढणी तोंडाशी धरली होती.

आमचे दोघांचे चेहरे बघून शोभाताईंना उत्तर मिळालं.

"सरळ तर हाय की," त्या म्हणाल्या. आवाज अगदी शांत. तेच जास्त भीतीचं वाटलं. "औषध न्हाई म्हनलेत. रुबीना, माझ्या पोरीला ह्या वर्गाला घेऊन येत जा. गणित बरं हाय तिचं, इंग्रजीला लई भेती. माझ्यावानी." मग माझ्याकडं वळल्या. "भाऊ, अंगणवाडीची किल्ली..."

"थांबा वो ताई!"

बाळू फळ्याजवळ गेला होता. तिकिटं तपासावीत तसा एकेका शब्दावर बोट ठेवून वाचत होता. पहिली ओळ. दुसरी. तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं. त्याच्या ओठांचा चाळा किती वेळ चालला, देव जाणे. त्याला पुटपुटून सांगायला आज शेजारी कुणी नव्हतं.

"दत्ता," तो म्हणाला, "रिव्ह्यू म्हंजी परत तपासायला या, असंच ना?"

"हो."

"अन् कधी? सहा म्हैन्यांनी?"

"हो, पण..."

"पण काय? जाणाऱ्या माणसाला सहा म्हैन्यांनी परत कोण बोलावतंय बे!"

खाली दुकानात कुणीतरी पोतं टाकल्याचा आवाज आला. रुबीनानं पुन्हा पहिल्यापासून वाचलं, मीही वाचलं. शोभाताई फळ्याकडं बघतच राहिल्या, खडू हातात तसाच.

जिन्यात पावलं वाजली. सर धापा टाकत आले. डोळ्यांत औषध घातलेलं, म्हणून फळ्याच्या अगदी जवळ जाऊन वाचायला लागले. तिन्ही ओळी वाचल्या. मग वळून शोभाताईंकडं बघितलं, आणि कुणाचं वाक्य हे विचारलं नाही. खडू घेतला, 'बिनाइन' पुढं मोठ्या अक्षरात लिहिलं, 'साधी, धोका नसलेली'. मग ते खाली बसले.

शोभाताईंनी ते दोनदा वाचलं. रुबीना मोठ्यानं रडायला लागली. मला रडायचं नव्हतं म्हणून मी वही उघडली.

"कुणी ओळखलं?" सरांनी विचारलं.

बाळू मान खाली घालून उभा होता. त्याचा तो एवढा आवाज, कुठं गेला कोण जाणे.

"बाळूनं!" शोभाताई ओरडल्या. खाली दुकानदार वर बघायला लागला एवढ्या मोठ्यानं ओरडल्या! "लिवा भाऊ, बाळू. ह्या बारीला खरंच त्याचंच हाय."