खालून वर वाचायचा दगड

माया खरात बाईंचं डोकं फिरवायचं असेल, तर त्यांच्यासमोर कुणालाही अपशकुनी म्हणावं. माणसाला म्हणा, मांजराला म्हणा, नाहीतर दगडाला. त्यांच्या आज्याच्या सावलीलाही लोक वळसा घालायचे. ते त्या विसरल्या नव्हत्या.

माण तालुक्यातल्या त्या गावात शाळेशेजारी असाच अपशकुनी ठरवलेला एक कोरीव दगड उताणा पडला होता. वर पिंडीची पूजा करणारा माणूस, मध्ये त्याला धरलेल्या दोन बाया, खाली तोच गाईंच्या पायाशी मरून पडलेला. गाव वाचायचं वरून: देव पुजला, बायांच्या नादी लागला, मेला. देवानं टाकलेला! धनगर मेंढरं घेऊन निघाले की त्याला लांबून वळसा. नव्याण्णव साली रस्त्याचं काम निघालं, तेव्हा सरपंच नानासोंनी ठरवलं, सोमवारी हा दगड रस्त्याखालच्या मोरीच्या पायात घालायचा. पीडा जाईल.

बाई चौथीला शिकवत. पोरांना हात लावता येईल असा इतिहास गावात तेवढाच होता, आणि तोही मातीत जायला निघाला होता.

शनिवारी सकाळची शाळा सुटली तशी बाईंनी साताऱ्याची एस.टी. धरली. प्रशिक्षणात कुणी सांगितलं होतं, इंटरनेटवर सगळं मिळतं. सगळं मिळतं हेच तर दुखणं! कॅफेवाल्या शोएबनं मशीन लावून दिलं आणि पहिला तास परदेशी राजांच्या वंशावळींत बुडाला. मग एका शिक्षिकेचं साधंसं पान सापडलं: लहान मुलांना इतिहास सांगत बसू नका, वस्तू समोर ठेवा आणि काय दिसतं ते विचारा. बाईंनी ते वहीत उतरवून घेतलं. दुसरं पान असल्या दगडांवरचंच होतं. चित्र वरून बोटबोट उतरू लागलं. पिंडी आली, बाया आल्या, आणि फोनची लाइन गेली.

"मॅडम, सोमवारी या की," शोएब म्हणाला.

"सोमवारी दगड नसंल रं," म्हणून बाई तिथंच ठाण मांडून बसल्या.

तासाभरानं लाइन आली. चित्राखालच्या इंग्रजी ओळी बाईंनी डिक्शनरी काढून एकेक शब्दानं लावल्या. हा वीरगळ, लढाईत पडलेल्या वीराचा दगड. तो खालून वर वाचायचा. भर कॅफेत बाईंचे डोळे भरून आले.

सोमवारी ट्रॅक्टर आला, गाव जमलं. बाईंनी भाषण ठोकलं नाही. धुळा धनगराची नात चौथीत होती, तिला पुढं बोलावलं.

"बोट खालच्या कडेला ठेव. काय दिसतंय?"

"गाया हायत्या. भालेवाले चोर हायती. ह्येनं एकट्यानं त्यास्नी आडवलंय. मेलाय."

"वर?"

"दोघीजणी उचलून न्हेत्यात त्याला."

"आन् त्याच्या वर?"

"देवाजवळ बसलाय की, बाई!"

गर्दीतनं धुळा पुढं झाला. "आवं बाई, मंजी गुरं राखताना गेला व्हय ह्यो?"

"व्हय, आबा."

"आन् आमी गुरंराखेच ह्येला वळसा घालत आलो." म्हाताऱ्यानं डोक्याचा पटका सोडला आणि दगडावरची माती पुसायला लागला. नानासोंनी ट्रॅक्टर मागं घ्यायला सांगितलं.

संध्याकाळी बाई शाळेला कुलूप लावत होत्या. धुळाची मेंढरं माघारी आली ती दगडाला अंग घाशीत, सरळ वाटेनं.