रांजण कुठल्या हाताला

मी सातवीत शाळा सोडली ती बसवत नव्हतं म्हणून. वर्ग मला कोंडवाड्यासारखा वाटायचा. गुरुजी फळ्याकडं वळले की मी खिडकीतून बाहेर. असला माणूस कामाच्या गावी, बिरवाडीतल्या भाड्याच्या खोलीत सहा आठवडे खाटेवर पडला, पायाला मांडीपर्यंत प्लास्टर. सुट्टीच्या दिवशी कंपनीतल्या पोरांबरोबर सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडांवर गेलो होतो. शेवाळावरून घसरलो.

घर लांब, परभणीकडं. आई तिथं एकटी. तिला कळवलं नाही. कळलं असतं तर वाट माहीत नसतानाही मिळेल त्या गाडीनं निघाली असती. रोज संध्याकाळी फोन करायचो, "आत्ताच आलो कामावरून" म्हणायचो.

घरमालकीण काकी उमरठ गावाकडची. दोन्ही वेळचं ताट खाटेवर आणून द्यायची. तिचे उपकार मी कुठं फेडू? तिनंच एक दिवस आखातात गेलेल्या मुलाच्या पेटीतून एक पुस्तक काढून आणलं.

"वाच नायतर उंदरांना घाल. पण छपराकडं बघत बसू नको रे, पडंल ते."

सुरुवातीची पानं फाटून गेली होती, त्यामुळे नाव कळलं नाही. मागच्या पानावरून एवढंच समजलं की लेखक परदेशी, समुद्रावरच्या आणि बर्फातल्या साहसांच्या गोष्टी लिहिणारा. या गोष्टीत मात्र नुसता तुरुंग होता. एका कैद्याला जाड कापडात श्वास कोंडेल इतकं आवळून अंधारकोठडीत टाकतात. तो पायाच्या करंगळीपासून मनानंच एकेक अवयव मारत येतो. करंगळी मेली, पाऊल मेलं, गुडघा मेला. सगळं अंग मेलं की तो सुटतो आणि मागच्या जन्मांतून हिंडून येतो. बांधणारे चिडतात, कारण दोऱ्या सोडल्यावर हा हसतो. ओळीवर बोट ठेवून मी दिवसाला चार-पाच पानं वाचायचो.

मग मीही करून बघितलं. पण करंगळी मरेल तर शपथ! तिच्याकडं लक्ष दिलं की प्लास्टरच्या आत टाच खाजायची. तिसऱ्या दिवशी कुठं जमत आलं, तेवढ्यात काकी दारात.

"मेलास काय रे? हाका मारून घसा बसला माझा!"

"तोच प्रयत्न चाललाय, काकी."

"आधी भाकरी खा, मग मर. तांदळाची हाय, थंड झाली की चावायची नाय."

मागचे जन्म मला कुठले दिसायला! मी आपला डोळे मिटून घरी निघालो. गावच्या फाट्यावर उतरलो. ओढा ओलांडला, चिंच आली, अंगण आलं, उंबरा आला. तहान लागली होती. आणि रांजण? डावीकडं का उजवीकडं? आठवेना. पुन्हा फाट्यापासून सुरुवात केली, पुन्हा उंबऱ्यावर अडलो. जाऊ जाऊ म्हणत तीन वर्षं गेलोच नव्हतो. तो कैदी शेकडो वर्षं मागं जाऊन येतो, आणि मला माझ्या घरातलं पाणी सापडेना.

राहवेना म्हणून फोन लावला.

"आई, आपला रांजण आत गेलं की कुठल्या हाताला?"

"डाव्या. फुटला की तो, दोन वरसं झाली. आता पिंप हाय." मग तिनं घड्याळ बघितलं असावं. "लेकरा, आकरा वाजलेत. काल तर म्हणलास पहिल्या पाळीला हाव. कामावर रांजण कशाला आठवायलास?"

मी आं-ऊं केलं.

"काय झालंय?"

सगळं सांगून टाकलं. ती रडली नाही. कुंडाला, पोरांना आणि मला शिव्या दिल्या. "शाळेत बसवत नव्हतं न्हाई का! बस आता." मग आवाज खाली आला. "मला काय तिकडची वाट गावत न्हाई. तुझी खोली कशी हाय ते सांग. दार कुणीकडं?"

"कशाला?"

"सांग की. दिसायला पाहिजे मला."

मी सांगत गेलो. दार, रस्त्याकडची खिडकी, खिडकीखाली खाट.

"पाणी?"

"समोरच्या कोपऱ्यात माठ."

"म्हणजे लंगडत उठायलास व्हय? खाटंजवळ घे, डाव्या हाताला."

काकी दारात उभी राहून ऐकत होती. काही न विचारता तिनं माठ उचलला आणि माझ्या डाव्या हाताला आणून ठेवला.

"सांग तिला, ठेवला म्हणून."

मी सांगितलं. आई म्हणाली, "हां. आता दिसायलास."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, पिंप कुठल्या हाताला ते विचारायचं राहिलंच.