गाडग्यातली पाहुणी ज्वारी

आमचे मालक सकाळी उठून आधी ब्राझीलचं हवामान बघतात. तोंड धुणं, चहा, देवपूजा सगळं त्याच्यानंतर. आमच्या गावावरनं भूमला जायचं तर एसटीची वाट बघण्यात सकाळ जाते, पण मालकांच्या बोलण्यात ब्राझील शेजारच्या वाशी गावाच्या अलीकडंच कुठंतरी आहे. "तिकडं औंदा लई पीक आलंय," असं तोंड पाडून सांगतात, जसं काही भावकीतल्या कुणाचं पीक चांगलं आलंय. कारण आमच्या रानात सोयाबीन असतं, आणि त्याचा भाव म्हणे तिकडच्या पावसावर ठरतो. चीननं माल उचलला की यांचा चेहरा उजळतो. कुठं लढाई लागली की तेल कडाडतं, मग मला फोडणीत हात आखडायला सांगतात. आम्ही सोयाबीन विकायचं, त्याची पेंड कुठल्या कुठल्या देशातल्या कोंबड्यांनी खायची, आणि आम्ही दुकानातनं पामतेल आणायचं, तेही समुद्रापलीकडचं. भाकरीची ज्वारी बाजारातनं. यात कुठंतरी गडबड आहे एवढं मला कळायचं, पण बोलले असते तर त्यांनी लगेच अर्जेंटिना काढला असता.

या कारभाराला घरात एकच माणूस दाद देत नव्हतं. माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. दरवर्षी रब्बीच्या तोंडावर त्या मालकांना बजावायच्या, "बांधाकडच्या चार काकऱ्या माझ्या." त्या चार ओळींत त्यांची ज्वारी. त्यांच्या सासूच्याही आधीपासून घरात चालत आलेलं बी, गावात दुसऱ्या कुणाकडं उरलं नव्हतं. काढणी झाली की त्या स्वतः कणसं निवडायच्या, हातानं मळायच्या, दाणे राखेत घोळवायच्या, कडुलिंबाच्या पाल्यासकट गाडग्यात भरायच्या आणि तोंडाला फडकं बांधून वर शेणानं लिंपायच्या. ते गाडगं फळीवर. उरलेली ज्वारी खायला, ती महिनाभर पुरली तरी खूप.

समोरच्या काकूंनी एकदा त्यातलं ओंजळभर बी मागितलं होतं. पण त्यांचं आणि आमचं रान एकाच बांधाला लागून, आणि तो बांध कुणी कुणाकडं सरकवला यावरनं दोघींचं बोलणं बंद. निरोप माझ्याकडं आला होता. आत्याबाईंनी दारातनंच उत्तर दिलं, "आमचं बी घराबाहेर जात न्हाय." मी ते जरा गोड करून सांगितलं, पण काकूंना ऐकू गेलंच होतं.

मालक त्यांची थट्टा करायचे. "आई, तुझ्या चार काकऱ्यांनी जगाची भूक भागणार हाय का?"

"जगाचं तुझं ब्राझील बघंल," त्या म्हणायच्या. "घरचं मी बघते."

मग एका वर्षी सरकारला ज्वारी सापडली. आमच्याच ताटात होती, पण सापडली. रेशनच्या गहू-तांदळानं जिला ताटात कडेला सारलं होतं, तिचे रंगीत फोटो पंचायतीच्या भिंतीवर लागले. ज्वारी खा, निरोगी राहा. सगळ्या जगाला आता हीच तारणार, असं खाली लिहिलेलं. आमच्या बचत गटाला निरोप आला की तालुक्याला मोठा कार्यक्रम आहे, ज्वारीच्या नव्या पदार्थांची स्पर्धा आहे, भाकरी सोडून काहीही करून आणा. भाकरी सोडून, हे बघा. गटानं केक करायचा ठरवला. गटानं म्हणजे मीच. मोबाईलवर एक बाई हसत हसत दहा मिनिटांत करून दाखवत होती.

बाजारची ज्वारी आणून मी तीनदा केक केला आणि तीनदा त्याचा भुगा झाला. ज्वारी दिसायला टपोरी, पण पिठाला चिकाटी नव्हती. भाकरीसुद्धा थापताना काठाला चिरायची. दोन दिवस उरले. आत्याबाई आठ दिवसांसाठी भूमला लेकीकडं गेल्या होत्या. आणि माझी नजर फळीकडं गेली.

ते बियाणं आहे हे मला माहीत नव्हतं, असं मी इथं खुशाल लिहू शकते. पण माहीत होतं. वीस वर्षं त्या घरात नांदत होते. मनाला म्हटलं, ज्वारी ती ज्वारी. यातली काढू, बाजारातली भरू, त्यांना काय कळतंय. गाडगं उतरवलं, परसातल्या धुण्याच्या दगडावर बसून राख धुऊन काढली, पाणी तसंच अळवाकडं सोडून दिलं. दाणे वाळवून दळून आणले. मग बाजारची ज्वारी गाडग्यात भरली, चुलीतली राख घातली, लिंबाचा ताजा पाला घातला, फडकं बांधलं, लिंपलं. लिंपण तर त्यांच्यापेक्षा सुबक केलं.

केक असा फुलला की गटातल्या बाया हात लावून बघायला लागल्या. तालुक्याला साहेबांनी तो कापला आणि ज्वारीवर तासभर बोलले. जगात धान्याची टंचाई येणार आहे, आपल्या वाडवडिलांचं बी हीच उद्याची शिदोरी आहे, ते प्राणपणानं जपा. तोंडात केक होता म्हणून वाडवडिलांचा उच्चार जरा जड गेला. मला पहिलं बक्षीस मिळालं, नॉनस्टिक तवा. त्यावर भाकरी टाकली तर तो आठवड्यात कामातनं जातो. मग जेवण झालं, पुऱ्या, जिरा राईस आणि श्रीखंड. ज्वारी तेवढी फोटोला होती.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई परत आल्या. राखून ठेवलेला तुकडा मी मोठ्या कौतुकानं त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी सावकाश खाल्ला.

"चव वळखीची लागती," म्हणाल्या.

मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडाशी धरून हसले. आज ते हसणं आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

दीड-दोन महिन्यांनी घटस्थापना आली. त्या दिवशी आमच्याकडं घटाभोवतीच्या काळ्या मातीत घरचं धान्य पेरतात. ते कसं उगवतंय, त्यावर जुनी माणसं बियाणाची परीक्षा करायची. त्या सकाळी आत्याबाईंनी गाडगं उतरवलं. आधी लिंपणावरनं बोट फिरवलं, मग माझ्याकडं बघितलं. फडकं सोडलं, मूठभर ज्वारी काढून फुंकर मारली, एक दाणा दाताखाली धरला आणि थुंकून टाकला.

"ही पाहुणी कुठली?"

मी सगळं सांगितलं. दुसरं करणार काय. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील, माझं माहेर काढतील. घेतलं असतं तर बरं झालं असतं. त्या गाडग्यापाशी खाली बसल्या आणि मांडीवर सांडलेले ते परके दाणे एकेक उचलून परत आत टाकत राहिल्या. इतकी लाज मला जन्मात कधी वाटली नव्हती.

मालकांना शांतता सोसत नाही. म्हणाले, "आई, अगं तालुक्याला बी मिळतं की. पिशवीतलं, औषध लावलेलं."

"ते मिळंल," आत्याबाई म्हणाल्या. "हे न्हाय मिळायचं." आणि मला विचारलं, "धुतलंस कुठं?"

"परसात. दगडावर."

त्या उठून परसात गेल्या, मागोमाग मी. धान्य कितीही जपून धुतलं तरी पाण्याबरोबर चार दाणे निसटतातच, हे कुणा बाईला ठाऊक नाही? अळवाच्या कडेला गुडघाभर गवत माजलं होतं. माजलंय, उपटायला पाहिजे, असं मी रोज म्हणत होते आणि माझ्या आळसानं ते राहून गेलं होतं. आत्याबाईंनी पानं बाजूला सारून मोजलं. गवतात ज्वारीची अकरा ताटं उभी होती.

"शेळी बांध," त्या म्हणाल्या. "आन साबणाचं पानी आजपासनं इकडं सोडायचं न्हाय."

त्या वर्षी आमच्या घटाला गहू पेरला. बांधाकडच्या चार काकऱ्या तशाच मोकळ्या राहिल्या. आणि मी, तालुक्याच्या स्पर्धेत पहिली आलेली बाई, थंडीचे दिवस धुण्याच्या दगडावर बसून डबा वाजवत पाखरं हाकण्यात घालवले. कणसांना माझ्या जुन्या पातळाच्या चिंध्या बांधल्या. गटातल्या बाया केकची कृती विचारायला यायच्या, मी त्यांनाही डबा वाजवायला बसवायची. एक ताट वाऱ्यानं मोडलं तेव्हा मी खरोखर रडले. मालक म्हणाले, "अगं, एका ताटापायी?" पण दुसऱ्या दिवसापासनं तेही उठल्या उठल्या आधी परसात जायला लागले. ब्राझीलचा नंबर दुसरा लागला.

एक कणीस पाखरांनी खाल्लंच, शेवटी नऊ हाताला लागली. आत्याबाईंनी ती ओसरीवर बसून मळली, पाखडली. एवढ्या धडपडीची ज्वारी तांब्याभर झाली. राख मी चाळून आणली, पाला आणला आणि गाडगं पुढं सरकवलं.

त्यांनी निम्मीच ज्वारी गाडग्यात ओतली. उरलेली तांब्यात तशीच ठेवून तांब्या माझ्या हातात दिला.

"हे समोर देऊन ये."

मला वाटलं, चुकून म्हणाल्या. "समोर? काकूंकडं? आत्याबाई, तुमचं तर बोलणं नाही त्यांच्याशी."

"तुला बोलायला कोण सांगतंय? बी दे न् ये."

मी तिथंच उभी राहिले. त्यांनी गाडग्याला फडकं बांधलं, दोरी आवळली, आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "केक केलास ही तुझी चूक. पर एकाच घरात धरून बसले, ही माझी. मागितलं तवाच दिलं असतं, तर औंदा ओंजळभर मागाया मला तोंड राहिलं असतं."

तांब्या पदराखाली घेऊन मी उंबऱ्यापर्यंत गेले, तर मागनं आवाज आला.

"आन तिच्या सुनेला केक येत न्हाय. मी कालच इचारून आलेय."