खोंडाचा तिसरा दात

माझा खोंड दुसाच होता. हे मी आजही सांगतो आणि मरेपर्यंत सांगणार. आमच्याकडं जनावराचं वय वर्षांत मोजत नाहीत, दातांत मोजतात. दुधाचे दात पडून दोन पक्के आले की दुसा. तिसरा वर निघाला की जनावर चौशात गेलं. जत्रेतल्या प्रदर्शनात गटही तसेच पडतात. दुसा गटात माझ्या खिलार खोंडासमोर उभं राहील असं जनावर आमच्या भागात नव्हतं. चौसा गटात त्याला घालायचं म्हणजे शाळकरी पोराला पैलवानांच्या आखाड्यात सोडायचं.

आणि नेमका प्रदर्शनाच्या तोंडावर त्याचा आणखी एक दुधाचा दात हलायला लागला.

हलतो म्हणजे काही पडलेला नव्हे. मी त्याला आख्खा कडबा बंद केला. कुट्टी करून भिजत घालायची, पेंडीचा लगदा करायचा, उसाचं वाढं तर गोठ्याच्या आसपास फिरकू द्यायचं नाही. बायको, आमची म्हातारी, दारात उभी राहून बघायची. एकदा म्हणाली, "माझ्या तोंडात दातच न्हाईत, तर मला कडक भाकर. आन त्या खोंडाला शिरा."

"तुला कुटं प्रदर्शनात उभं करायचं हाय?" मी म्हणालो. त्या दिवशी जेवण मला मागून घ्यावं लागलं.

तशी मला धास्ती नव्हती. दात तपासून दाखला देणारी डॉक्टर माझीच नात होती. मी चौथीच्या पुढं शाळा बघितली नाही, पण नात जनावरांची डॉक्टर झाली. जनावरांच्या डॉक्टरांच्या कौन्सिलात तिची नोंद होऊन नंबर मिळाला, तेव्हा त्या कागदाची झेरॉक्स मी चौकटीत घालून देवाच्या फोटोंच्या ओळीत टांगली. आणि गावात सांगून मोकळा झालो, यंदा दुसा गटाचा पहिला नंबर आपला. टेबलावर घरचं माणूस हाय.

सोलापुरात मैदानावर पोचलो तर तपासणीला ही रांग. माझ्या मागं दुधनीकडचा एकजण खोंड घेऊन उभा होता. माझ्याहून थोडा लहान, निम्मं मराठी निम्मं कानडी बोलणारा. त्याचाही खोंड दुसाच म्हणे. माझ्या खोंडाकडं तो असा बघत होता की मी मुद्दाम कासरा ढिला सोडला, चांगला दिसू दे म्हटलं.

माझी पाळी आली. नात उठली. मला वाटलं, पाया पडायला उठली. ती शेजारच्या वयस्कर डॉक्टरांकडं वळली.

"सर, हे माझे आजोबा. खोंड घरचा आहे. तपासताना तुम्ही जवळ थांबा, सही दोघांची करू."

भर रांगेत! चोर धरून आणल्यासारखी ओळख करून दिली की माझी.

"अगं, बघायचं काय त्यात? दुसा हाय, लिव्ह," मी म्हणालो.

"बघितल्याशिवाय लिहिता येत नाही, आबा. खोटा दाखला दिला तर माझी नोंदणी जाईल."

"घरच्या माणसाला दिला तर?"

"तर आधी जाईल."

मागून दुधनीवाला बोलला, "अज्जा, नात डॉक्टर, खोंड अज्जाचा. मग हल्लु बघायचं नाटक कशाला?" हल्लु म्हणजे कानडीत दात.

माझं डोकंच फिरलं. "बघ गं!" मी ओरडलो. "उघड त्याचं तोंड. सगळ्यांसमोर बघ!"

मी वेसण धरली. तिनं खालचा ओठ ओढला, दातांवरून अंगठा फिरवला, आणि दात तिच्या हातात आला.

"पाडलास!" मी म्हणालो. "डॉक्टरनं दात पाडला!"

"आबा, खाली बघा. पक्का दात वर आलाय."

"मी तक्रार करीन. तुझ्या कौन्सिलात करीन."

"करा की. मालकाला तो हक्कच आहे. नंबर तुमच्या भिंतीवर लावलेलाच आहे."

रांग हसली. मोठे डॉक्टर तोंड फिरवून हसले, ते मला दिसलं. मी दोघांनाही शांतपणे समजावलं, की पोटभर चांगलं खाऊ घातलं की दात लवकर येतात, त्यात खोंडाचा काय दोष? दोघांनी मान हलवली आणि चौसा लिहून सही केली.

मी बाजूला झालो, तर दुधनीवाल्यानं माझी बाही धरली. मघाचा आवाज कुठल्या कुठं गेलेला.

"अज्जा, माझ्या खोंडाचा बी एक दात जरा तसाच हाय बघा. नातीला सांगा की. तुमचा शब्द मोडायची न्हाई ती."

"माझा शब्द?" मी म्हणालो. "आता तुझ्या डोळ्यांदेखत मोडला की तिनं! सख्ख्या आज्याला सोडलं न्हाई, ती तुला सोडंल व्हय? काय समजलास तिला?"

आवाज जरा मोठा निघाला असावा. रांगेतली बरीच जनावरं मालकांसकट हळूच मागं वळली.

दुपारी चौसा गटात सगळे धिप्पाड खोंड ओळीनं उभे राहिले. शेवटच्या टोकाला आमचे दोन, माझा आणि दुधनीचा. परीक्षक आमच्यापर्यंत आले, घड्याळ बघितलं आणि मागं फिरले. गावात आता काय तोंड दाखवायचं, याचा मी विचार करत होतो.

"लई कडक हाय हो तुमची नात," दुधनीवाला पुटपुटला.

"अजून तू बघितलीस कुटं," मी म्हणालो आणि खोंडाची मान जरा वर उचलून धरली.