न फवारलेल्या दोन ओळी

अक्काच्या पायाचा फोटो भाच्यानं मोबाईलवर पाठवला तेव्हा मी आठवीच्या वर्गात होतो. अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं होतं. घंटा होईपर्यंत मी काय शिकवलं ते देव जाणे.

अक्का माझी थोरली बहीण. तामलवाडीला असते, भावजी गेल्यापासून शेती तीच बघते. मी जळकोटच्या शाळेत विज्ञान शिकवतो. तिला बरीच वर्षं शुगर आहे आणि गोळ्यांच्या बाबतीत ती घड्याळासारखी. निदान माझी तशी समजूत होती. शाळा सुटल्याबरोबर नळदुर्ग, तुळजापूर करत तामलवाडीपर्यंत मोटारसायकल हाणली.

"तुरीचं खुंट घुसलं हुतं. महिना झाला," अक्का म्हणाली. "दुखत न्हाय म्हणून ध्यान दिलं न्हाय."

शुगरवाल्याचा पाय दुखत नाही हीच तर भीती असते. वर्गात हे मीच सांगतो.

"गोळ्या चालू आहेत ना?"

"दिवाळीपासून बंद हायत. त्यो हिरवा डबा घेते की आता."

फळीवरचा डबा मी खाली काढून बघितला. चूर्ण वेगळं होतं, शुगरचं. पण कंपनी तीच होती, जिच्या गुडघेदुखीच्या चूर्णाचं कौतुक मी जूनमध्ये केलं होतं.

झालं होतं असं. आमचे चित्रकलेचे सर जोडधंदा म्हणून हे डबे विकतात. एप्रिलअखेर त्यांनी एक मला दिला. मी सुट्टीभर चूर्ण घेतलं आणि जूनमध्ये गुडघे खरोखर हलके झाले. सरांनी शिक्षकखोलीत माझा व्हिडिओ काढला. पाठीमागं मूलद्रव्यांचा तक्ता, खाली अक्षरं: 'विज्ञान शिक्षक सांगतात.' मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? तो व्हिडिओ बघून अक्काचा फोन आला, "खरंच फरक पडला का रे?" मी म्हणालो, "पडला." ती का विचारते आहे, हे मी विचारलं नाही.

दिवसभर उभं राहून शिकवणारा माणूस दीड महिना घरी पंख्याखाली लोळत पडल्यावर गुडघे हलके होणारच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी पोरांना दोन कुंड्यांत घेवडा लावून शिकवतो. पण स्वतःच्या गुडघ्याला कुंडीचा नियम लावायला मी विसरलो. शाळा सुरू झाली आणि जुलैत दुखणं परत आलं, चूर्ण चालू असताना. तेव्हा तरी बोलायचं होतं. तोंडघशी पडायची लाज वाटली म्हणून गप्प बसलो.

सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बोट काढायला सांगितलं. "पायाचं दोन दिवसांनी कळेल," म्हणाले. मी डबा त्यांच्यापुढं ठेवला. वेड्यासारखं विचारत सुटलो, यात काहीच नसतं का, डब्यावर लिहिलेली मेथी, कारलं, सगळंच थोतांड का?

"सगळं थोतांड नाही हो," ते म्हणाले. "मेथीवर, कारल्यावर अभ्यास झालेत. पण थोड्या लोकांवर, थोडे दिवस. काहींत साखर जराशी उतरलेली दिसते, काहींत नाही. त्यावरून गोळी बंद करा असं कुणी म्हणू शकत नाही. आणि या डब्यात नेमकं काय किती आहे, हे कुणी तपासलंय?"

बाहेरच्या बाकड्यावर मी डबा फिरवून फिरवून वाचला. पुढं मोठ्या अक्षरांत 'संशोधनाने सिद्ध'. कुणाचं संशोधन, किती माणसांवर, ते नाही. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की हे कोणत्याही आजारावरचं औषध नाही. चित्रकलेच्या सरांना फोन करून म्हणालो, तो व्हिडिओ पुसून टाका. ते म्हणाले, "सर, किती जणांनी पुढं पाठवलाय. आता कुठनं गोळा करू?"

मला श्रावणातलं अक्काचं सोयाबीन आठवत होतं. दुकानदारानं पिकावर फवारायचं नवं टॉनिक गळ्यात मारलं होतं. अक्का फवारणाऱ्याला म्हणाली, "ह्या दोन ओळी कोरड्या सोड." तिथं खुणेसाठी काठीला पांढरं फडकं बांधलं. दरवेळी ती असंच करते. पंधरा दिवसांनी मला बांधावर उभं करून म्हणाली, "बघ, हाय का काय फरक? दुकानदाराची जीभ लई गोड असती." माणसाच्या अंगात अशा ओळी सोडता येत नाहीत. म्हणून तर संशोधक निम्म्या लोकांना औषध आणि निम्म्यांना तसंच दिसणारं नुसतं पीठ देऊन बघतात, आणि कुणाला काय मिळालं ते शेवटपर्यंत सांगत नाहीत. शाळेचं तोंड फारसं न पाहिलेल्या माझ्या बहिणीला हे शेतात कळत होतं.

बोट काढल्यावर तिला खाटेवर आणलं. पाय पांढऱ्या पट्टीत होता. तो राहील की जाईल हे अजून कुणी सांगत नव्हतं. मी पट्टीकडं बघत बसलो होतो आणि राहवेना. कुठंतरी थोडा दोष तिच्यावर ढकलायचाही होता, कबूल करतो.

"अक्का, साध्या टॉनिकला तू दोन ओळी सोडतेस. मग या डब्यावर एवढा भरवसा कसा ठेवलास?"

तिनं माझ्याकडं बघितलं. आवाजात राग अजिबात नव्हता.

"दुकानदारानं सांगितलं असतं तर सोडल्या असत्या की. सांगणारा तू हुतास."