पहिल्या पानावरची ओळ

फ्लेव्हिया किनाऱ्यावरच्या तारोडी गावची. घरात मासेमारीची बोट होती, पण ती शिकली आणि भाईंदर पूर्वेच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत फोन घ्यायला लागली. कंपनी पॅथॉलॉजी लॅबना रिपोर्ट ठेवायचा एक प्रोग्राम विकायची. त्याचं नाव ‘नोंद’. काळ्या स्क्रीनवर ‘नोंद’ लिहायचं आणि पुढे कामाचा शब्द टाकायचा: ‘नोंद शोध’, ‘नोंद छाप’. असे एकोणीस शब्द होते आणि ते कुणाच्याच लक्षात राहायचे नाहीत. नऊ वर्षं तिने तीच तीच उत्तरं दिली, मराठीत, हिंदीत, कधी मोडक्या गुजरातीत.

शेवटी तिनेच मालकाला, नीरजला, सुचवलं की ‘नोंद मदत’ असा एक शब्द द्या. तो टाकला की सगळ्या शब्दांची यादी यावी, प्रत्येकापुढे एक ओळ. ‘नोंद मदत छाप’ लिहिलं तर त्या एका शब्दाचं सविस्तर पान उघडावं. नीरज म्हणाला, मजकूर तुम्हीच लिहा, प्रोग्रामर बसवेल. तिने फोनच्या जुन्या वह्या काढल्या. माणसं कुठे अडतात हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. चार महिने ती एकेक ओळ घासत बसली. सगळ्यात जास्त वेळ गेला ‘साफ’वर, कारण ऐकायला तो अगदी निरुपद्रवी शब्द. तिने लिहिलं, ‘जुने रिपोर्ट कायमचे पुसतो. परत मिळत नाहीत.’

एका नव्या गिऱ्हाईकाला प्रोग्राम दाखवताना नेमकी हीच ओळ त्याच्या नजरेत भरली आणि तो बिचकला. नीरजने दुसऱ्या दिवशी ओळ बदलून घेतली: ‘सिस्टीम हलकी करतो.’ खरी सूचना आतल्या पानावर आहेच की, असं त्याचं म्हणणं.

“सर, लोक पहिलीच ओळ वाचतात,” फ्लेव्हिया म्हणाली.

“मॅडम, इतना मत सोचो.”

ती पुढचा फोन घ्यायला वळली.

वर्षभरात एका लॅबमधलं मशीन फार हळू चालायला लागलं. तिथली ऑपरेटर चंपा, मूळची रायगडकडची. तिने ‘नोंद मदत’ टाकून पहिलं पान उघडलं, ‘हलकी करतो’ वाचलं आणि ‘नोंद साफ’ टाकलं. प्रोग्रामने ‘नक्की?’ विचारलं, तिने ‘हो’ म्हटलं. तीन वर्षांचे रिपोर्ट गेले. लॅबने दुसरी प्रत ठेवलीच नव्हती. डॉक्टरांना आधीचा आकडा हवा असायचा, पेशंट काउंटरवर भांडायला लागले. लॅबवाल्याने कंपनीला जाब विचारला. नीरजने फ्लेव्हियाला उत्तर लिहायला बसवलं: ‘साफ’च्या मदत पानावर धोक्याची सूचना स्पष्ट दिलेली आहे. त्यात खोटा शब्द एकही नव्हता. खाली सहीही तिचीच. ते पत्र दाखवून लॅबने चंपाला काढलं.

आठवड्याने फोन वाजला.

“मॅडम, मी चंपा बोलतेय. भांडायला नाही केलाय. मी वाचूनच केलं होतं ना?”

“हो,” फ्लेव्हिया म्हणाली. “वाचूनच केलंत.”

“मग तुमच्या लेटरमध्ये ते का नाही लिहिलं?”

फ्लेव्हियाने पत्राची प्रत पुढे ओढली. ती वाचून होईपर्यंत पलीकडून फोन ठेवला गेला होता.

तिने नीरजला दुसरं पत्र द्यायला सांगितलं, तो नाही म्हणाला. मग पहिल्या पानाचा प्रिंट घेऊन ती स्वतःच लॅबमध्ये गेली. चूक चंपाची नाही, आमची आहे, असं तिने लॅबच्या मालकाला तोंडावर सांगितलं. त्याने कागद पाहिला, नव्या ऑपरेटरकडे बोट केलं आणि म्हणाला, अब क्या फायदा. नीरजला हे कळलं तेव्हा तो चार दिवस तिच्याशी बोलला नाही. काढलं मात्र नाही. फोन कोण घेणार?

जुनी ओळ पुढे त्यानेच परत घातली. आता प्रोग्राम दाखवताना तो ती मुद्दाम दाखवतो, बघा, आम्ही पहिल्याच पानावर सावध करतो.

चंपाला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगचं काम मिळालं. फ्लेव्हियाने तिला दोनदा फोन केला, एका ओळखीच्या दवाखान्यात जागा आहे म्हणून.

“कॉम्प्युटर नको आता,” चंपा म्हणाली. “आणि मॅडम, या वेळेला फोन नका करू. सुपरवायझर बघतोय.”